ऐच्छिक

रात्री पावणेतीनला खिडकीतून बाटली आली,
कोऱ्या चहाच्या रंगाची. सोबत रक्ताची नळी.
नाव रामसुमेर, वय चौतीस,
काम परांची बांधणे, सोहार बंदर.

यंत्राने आकडा दिलाच नाही,
नुसता बाण दाखवला, वर जाणारा.
दहापट पातळ केलं. पुन्हा बाण.
शंभरपट केल्यावर कुठे ते बोललं,
आणि मला कळलं
की बाटलीत आहे ती त्या माणसाची मांडी.

इथे उन्हाळ्यात भर दुपारी काम बंद असतं,
कायदा आहे, आणि पाळतातही.
पण रात्री समुद्राकडून येतो तो वारा नसतो,
ओलं घोंगडं असतं.
घाम सुटतो, वाळत नाही.
अकरा तास पाइप वर, पाइप खाली.

खेडच्या शाळेत खातू सर फळ्यावर दोन रकाने आखायचे.
ऐच्छिक : हात, पाय, मान, जीभ.
अनैच्छिक : आतडं, मूत्राशय, रक्तवाहिन्यांच्या भिंती.
हृदय मात्र बरोबर मधल्या रेघेवर बसवायचे,
दिसतं एकासारखं, वागतं दुसऱ्यासारखं, म्हणून.
पाच गुणांना हमखास यायचं.
इच्छा कुणाची, हे कधी आलं नाही.

स्नायू म्हणजे काथ्याचा दोर.
उसवा, आत पेड. पेडात सूत. सुतात तंतू.
प्रत्येकाला आपापलं पातळ वेष्टन,
नातेवाइकांनी बांधून दिलेल्या पुडीसारखं.
तंतूच्या आत पट्टे, काळसर, फिकट, काळसर, फिकट,
आणि पट्ट्यांच्या आत दोन फण्या,
एकीच्या दातांत दुसरीचे दात.
दात कुणाचेच आखूड होत नाहीत.
फण्या फक्त सरकतात
आणि वीस किलोचा पाइप खांद्यावर येतो.

सरांनी एक सांगितलं नव्हतं.
धरायला ताकद लागते तशी सोडायलाही लागते.
ती संपली की दात दातांत अडकून बसतात,
मांडी लाकूड होते,
मग वेष्टनं फाटतात
आणि आतलं सगळं रक्तात सांडतं.

तो खाटेवर होता, मला माहीत आहे, मी नमुना न्यायला गेले होते.
त्याला न विचारता त्याच्या आत कामं चालूच होती.
चातीसारख्या निमुळत्या पेशी, अंगावर एकही पट्टा नाही,
सकाळची डाळ हळूहळू पुढे ढकलत होत्या.
एसीच्या झोताखाली त्याच्या हातावर केस उभे करत होत्या.
डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली
तेव्हा बाहुली आपसूक बारीक झाली.
ह्यांना कुणी सुपरवायझर नाही. सुट्टीही नाही.

आणि रेघेवरचं हृदय.
मांडीतून सुटलेलं पोटॅशियम त्याच्याकडेच निघालं होतं.
मॉनिटरवर लाटांची टोकं तंबूसारखी वर आली.
हृदयाच्या पेशींना फांद्या असतात,
एकीची दुसरीत गुंतलेली, मध्ये दार असतं, उघडंच.
कॅम्पातल्या खोलीत रात्री एकाचा फोन वाजला
की आठही जण उठून बसतात,
कुणाच्या घरून, काय झालं,
तसं.
एकीला कळलं की सगळ्यांना कळतं.
त्या रात्री त्यांना काय कळलं कोण जाणे.
पहाटे पाचला सलाइनची सातवी बाटली लागली
आणि तंबू खाली बसले.

नवव्या दिवशी आकडा पातळ न करताच आला.
तंतूच्या कडेला काही पेशी वर्षानुवर्षं निजलेल्या असतात.
कडेवरचा तंतू मोडला की त्या जाग्या होतात,
त्याच्यात मिसळतात, त्याच होऊन जातात.
हे मी त्याला माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं.
तो म्हणाला, बाई, पाय आता ऐकतायत.
कुणाचं, ते मी विचारलं नाही.

फाटकाशी कंपनीची गाडी उभी होती, इंजिन चालू.
पहिल्या पायरीला त्याने मांडीखाली हात घालून
पाय उचलून ठेवला.
दुसरीला नाही.